एकच माणूस दोन आवाजात कसा गातो? (तुवाचं खोमेई आणि आमच्या आईचा भूप राग)

रात्रपाळी
परवा रात्री अडीचला शिफ्ट संपली, झोप येईना म्हणून यूट्यूबवर भटकत होतो तर एक व्हिडिओ समोर आला. घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य मांडीत घेऊन एक आडदांड बाबा बसलाय आणि तोंड जेमतेम उघडून गातोय. खालून जातं फिरल्यासारखी घरघर आणि वरून चक्क शिट्टी, आणि शिट्टीत पूर्ण चाल! आधी वाटलं मागे कोणीतरी बासरी धरलीये किंवा एडिटिंग असणार. खाली लिहिलं होतं खोमेई, तुवा. मॅप काढला तर हे तुवा सायबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाला खेटून, रशियाच्या हद्दीत.

सकाळी आईला ऐकवलं. आई गेली पंचवीस वर्षं घरी गाण्याचे क्लास घेते. चहा गाळता गाळता ऐकलं आणि म्हणाली, "भूप आहे की. फक्त धैवत उतरलाय याचा, रियाज कमी पडतोय."

तर मंडळी, हा खरंच एकटा माणूस आहे का, कुठे सायबेरिया आणि कुठे भूप, हे जुळलं कसं, आणि अजून काय ऐकू? आणि हो, घरी शिकता येतं का हे, म्हंजे शेजारी पोलीस न बोलावता?

पांढरी_दोन
एडिटिंग नाही रे, एकटाच आहे तो. आपण कुठलाही सूर लावला तरी त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर बारीक वाजतच असतात, आपल्याला ते सुटे ऐकू येत नाहीत इतकंच. हे लोक खालचा सूर घसा आवळून एका जागी धरून ठेवतात आणि जीभ टाळूकडे नेऊन तोंडाची पोकळी अशी लहानमोठी करतात की त्या गर्दीतला एकच सूर फुगून बाहेर पडतो. शिट्टीसारखा चढा प्रकार म्हणजे सिगित. आणि घरघर फारच खोल, माणसाच्या आवाजाखालची वाटत असेल तर तो कार्गिरा, त्यात स्वरतंतूंच्या वर ज्या दोन घड्या असतात त्याही निम्म्या वेगाने थरथरतात, म्हणून आवाज एक सप्तक खाली गेल्यासारखा वाटतो.

आता भूप, म्हणजे सा रे ग प ध हे पाच सूर. समज त्या बाबाचा सा १५० हर्ट्झ, पेटीच्या पांढरी दोनच्या आसपास. आठपट १२०० हा वरचा सा, नऊपट १३५० रे, दहापट १५०० ग, बारापट १८०० प. मधला अकरावा १६५० ला येतो, तो धड शुद्ध मध्यम नाही धड तीव्र नाही, म्हणून बरेच जण त्याला टांग मारून पुढे जातात. तेरावा येतो १९५० ला आणि धैवताचं काम त्याच्याकडून करून घेतात, पण आपला शुद्ध धैवत या सा ला २००० च्या जरा वरच पडतो. म्हणजे आईंचा कान शंभर टक्के बरोबर, धैवत उतरलेलाच आहे, पण त्यात त्या बाबाचा काय दोष, त्याला तिथे तेवढाच मिळतो. आईंना साष्टांग नमस्कार सांग.

मिरजेची_जवारी
+१. आणि हे आपल्याला परकं वाटायचं काही कारणच नाही. तंबोरा नीट लागला, जवारी (तारेची ती झणझणती आस) जमली की खरजाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो, तो त्याच खरजाचा पाचपट सूर. आमच्याकडे तारेखाली दोरा सरकवत सरकवत कारागीर तेच शोधत बसतो जे तो बाबा जिभेने शोधतोय. मी पहिल्यांदा खोमेई ऐकलं तेव्हा मला तर वाटलं माणूसच तंबोरा झालाय.

उगाच_विरोध
आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून, पण पाच सूर जुळले म्हणजे भूप होत नाही. तेच पाच सूर देसकार रागात आहेत, मग देसकार का नाही म्हणायचं? आपलं जगात जे दिसेल त्याला आपलं लेबल लावायची घाई नको. तो बाबा रागबिग काही मांडत नाहीये. तिथले मेंढपाळ, घोडेवाले लोक नदी, वारा, पाखरं यांच्या आवाजाची नक्कल करत गातात. एझेंगिलेर नावाचा एक प्रकार आहे, घोडा दुडक्या चालीने चाललाय आणि रिकिबीत पाय हलतायत ती लय गळ्यातून काढायची. बोरबांगनादिर आहे, त्यात वाहत्या पाण्याची खळखळ. ते ऐक आणि मग सांग यात कुठला राग ते.

घसा_बसला
शिकायचं विचारलंस म्हणून अनुभव सांगतो. मी कार्गिरा काढायला गेलो, जोर लावून लावून दोन दिवस आवाज बंद, ऑफिसात सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. कार्गिराला हात लावू नकोस. नुसतं एका सुरात "ऊऊऊ" पासून "ईईई" कडे अगदी हळू, थोडं नाकातून जा, बाथरूममध्ये कर म्हणजे घुमतं, वर बारीक काहीतरी सरकताना ऐकू येईल. मला आठवडाभराने ऐकू आलं, बायकोला अजून येत नाही.

बाकी आपल्यासारख्यांचा देव म्हणजे पॉल पेना. अमेरिकेतला अंध ब्लूज गायक. १९८४ साली शॉर्टवेव्ह रेडिओवर स्टेशन शोधता शोधता हे गाणं कानावर पडलं, मग पठ्ठ्या स्वतःच शिकला आणि १९९५ ला तुवाची राजधानी किझिलला जाऊन तिथल्या स्पर्धेत कार्गिराचं बक्षीस घेऊन आला! त्याला तिकडे नेण्यात तिथला मोठा गायक कोंगार-ओल ओंदार याचा हात होता. १९९९ ला यावर डॉक्युमेंटरी आली, शोध, रडशील.

अवांतर: अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनलाही लहानपणी जमवलेल्या टपाल तिकिटांमुळे तुवाला जायचं वेड होतं. १९८८ ला तो तिकडे न जाताच वारला आणि सोव्हिएत सरकारचं परवानगीचं पत्र त्याच्यानंतर आलं.

कोयनाकाठ
सगळे बाबे बाबेच सांगताय म्हणून मी येते. बायकांनी हे गाऊ नये असं तिथे मानायचे, म्हणे मूल होत नाही (कुठेही जा, कारण तेच). तरी १९९८ पासून तिवा किझी हा फक्त बायकांचा गट गातोय, ते आधी ऐक. मग हून-हूर-तू हा तुवाचाच गट ऐक, त्यांनी हे जगभर पोचवलं.

तिथून उडी मारून कॅनडात. तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी इनुइट बायकांचा कातायाक, त्यात वरचे सूर वगैरे नाहीत, दोघी समोरासमोर उभ्या, एकमेकींचे हात धरून, श्वास आत बाहेर करत घशातून लय काढायची, जी आधी हसेल ती हरली. आपल्या फुगडीतल्या पकवा पकवीची आठवण झाली मला. आणि इटलीतलं सार्डिनिया बेट, तिथे चार गडी गोल करून गातात, त्यातल्या सगळ्यात खालच्या आवाजाला बासू म्हणतात, तो थेट कार्गिराचा भाऊ वाटतो. यांचा आणि तुवाचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोघेही मेंढपाळ एवढंच.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. तिवा किझी काल रात्रभर लावलं होतं, कार्गिराला हात लावणार नाही, शब्द. तेराव्या सुराची भानगड आईला वाचून दाखवली, खूश झाली, मोबाईलवर तंबोरा लावून त्या बाबाचा धैवत पुन्हा पुन्हा ऐकत बसली. उगाच_विरोध दादा, तुमचंही वाचून दाखवलं. त्यावर उत्तर, जसंच्या तसं: "देसकारचा सगळा जीव धैवतात. तोच उतरलाय तर देसकार कसला? भूपच."
आता दुपारच्या क्लासच्या मुलींना "ऊऊऊ ईईई" करायला लावलंय तिने. शेजारचे काका विचारून गेले सगळं ठीक आहे ना.