पुस्तकांच्या कपाटाची किल्ली

(सोसायटीचा ग्रुप, रविवार)

सेक्रेटरी (ए-201), सकाळी 9:05
सर्व सभासदांना नमस्कार 🙏 क्लबहाउसमधल्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली आहे. पेस्ट कंट्रोलवाला गुरुवारी येतोय. रजिस्टर बघितलं, दोन वर्षांत एकूण 11 पुस्तकं बाहेर गेली, त्यातली 7 एकाच फ्लॅटमध्ये. कमिटीपुढे असा विषय आलाय की पुस्तकं एखाद्या संस्थेला देऊन टाकावीत आणि त्या जागी ट्रेडमिल घ्यावी. मतं कळवा.

बी-403, 9:11
ट्रेडमिलला होय.

ए-102, 9:12
👍 दानही होईल, जागाही होईल.

डी-303, 9:14
आज टँकर किती वाजता?

सेक्रेटरी (ए-201), 9:15
साडेदहा. कृपया विषयाला धरून लिहा.

सी-502 (बाई), 9:47
सेक्रेटरीसाहेब, ते सात पुस्तकांचं घर म्हणजे मी. सातही परत केली आहेत. मला वाळवीपेक्षा ट्रेडमिलची जास्त भीती वाटते. जरा लांबण लावते, मधेच कुणी टँकर विचारू नका.

संध्याकाळी चार ते सात बी विंगच्या जिन्याखाली पाच-सहा मुलं बसलेली असतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची आणि रात्रपाळीच्या वॉचमनची. आयांचं काम आटपेपर्यंत तिथेच. परवा मी त्यांच्यात जाऊन बसले. वॉचमनची मुलगी पाचवीत आहे. कपाटातलं एक पातळसं गोष्टीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं: पा... व... सा... ळा. 'ळा'पर्यंत पोचली तोवर 'पा' विसरली होती. माझ्या तोंडाकडे बघत अंदाजाने म्हणाली, "पाटी?"

अक्षरं तिला सगळी येतात. बाराखडी घडाघडा म्हणते. पण 'मित्र' किंवा 'सूर्य' आला की बोट तिथेच. आणि वही बघा तर सगळे धडे उतरवलेले, अक्षर माझ्या नातवापेक्षा दहापट सुरेख. फळ्यावरचं उतरवता येतं म्हणजे वाचता येतं असं तिच्या आईला वाटतं. आईला स्वतःला वाचता येत नाही, मग ती ओळखणार कशी?

ए-304 (काका), 9:58
पाचवीत जाऊन 'पावसाळा' येत नाही? मग शाळा करते काय? महापालिकेचा टॅक्स काय उगीच भरतो आपण?

सी-502 (बाई), 10:06
काका, शाळेला मी बोल लावणार नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याच खुर्चीत काढली आहेत. पाचवीच्या बाईंना पाचवीचं पुस्तक संपवायचं असतं. ज्याचं दुसरीत सुटलं त्याच्यासाठी परत मागे जायला कुणी थांबत नाही. माझ्याही वर्गात अशी पोरं होती आणि मीही थांबले नाही. निवृत्तीनंतर हे आठवायला भरपूर वेळ मिळतो.

शिवाय ही मुलगी 2021 च्या जूनमध्ये पहिलीत गेली. तेव्हा शाळा बंद. आईबाप बीडकडचे, ऊसतोडीला जाणारे. घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. म्हणजे वाचायला शिकण्याचं वर्ष फडावर गेलं.

सी-101, 10:15
बाई म्हणतात तसं हे एकाच मुलीचं नाही. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था 2005 पासून 'असर' नावाचा सर्वे करते. शाळेत न जाता घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचायला देतात: आधी परिच्छेद, मग जमेल तसं वर गोष्ट किंवा खाली शब्द आणि अक्षर. 2024 च्या सर्वेत सहा लाखांहून जास्त मुलं होती. दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचणारी मुलं तिसरीत 27.1 टक्के, पाचवीत 48.8 टक्के. पाचवीतली निम्मी मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, असा त्याचा अर्थ.

ए-304 (काका), 10:19
हा खेड्यापाड्यातला सर्वे. इथे पुण्याचं काय?

सी-101, 10:21
बरोबर, सर्वे फक्त ग्रामीण भागाचा आहे, पुण्याचा आकडा त्यात नाही. पण काका, आपल्या जिन्याखाली बसलेल्या सहापैकी चार जण पहिली-दुसरीत गावाकडेच होते. बाईंनीच सांगितलं मला.

बी-403, 10:24
अहो यूट्यूबवर सगळं फुकट आहे. आता कुणाकडे स्मार्टफोन नाही?

सी-101, 10:29
त्याच सर्वेत 14 ते 16 वर्षांच्या मुलांना फोनबद्दलही विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारे 57 टक्के, सोशल मीडियासाठी 76 टक्के. आणि ज्याला 'पावसाळा' जुळवता येत नाही तो यूट्यूबवर शोधणार काय? माईकचं बटण दाबून बोलतात ही पोरं.

ए-501 (डॉक्टर), 10:50
ओपीडीतून लिहितोय. आमचा मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यम. त्याला शाळेने वाचायला शिकवलं असं आम्ही सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे तो शिकला आजीच्या मांडीवर. रोज रात्री दोन गोष्टी, तीन वर्षं, तेच पुस्तक शंभर वेळा. आजी मुद्दाम एखादा शब्द चुकवायची आणि हा ओरडायचा, "असं नाहीये तिथे!" अक्षर यायच्या आधीच त्याला कळलं होतं की कागदावर ठरलेलं काहीतरी असतं. आमच्या मावशी साडेसातला इथून निघतात, वाटेत अजून एक घर स्वयंपाकाचं. त्यांच्या मुलाला ही मांडी कुठून मिळणार?

(त्याच चिरंजीवांनी काल विचारलं, "अठ्ठावन्न म्हणजे फिफ्टी एट ना?" तेव्हा फार शेफारून जाण्यासारखं आमच्याकडेही काही नाही.)

बी-601, 11:02
भावना सगळ्यांच्याच चांगल्या आहेत पण प्रॅक्टिकल बोलू या. ही मुलं क्लबहाउसमध्ये बसवणार का? दारावर बोर्ड आहे, कामगारांना आणि त्यांच्या मुलांना प्रवेश नाही. तो नियम मी केलेला नाही, वार्षिक सभेत झालाय. उद्या काही मोडलं, कुणाला लागलं तर जबाबदार कोण? गेल्या दिवाळीत कॅरमच्या सोंगट्या गेल्याच होत्या.

डी-303, 11:05
सोंगट्या आमच्या सोफ्याखाली सापडल्या. चार काळ्या, दोन पांढऱ्या. सांगायचं राहून गेलं. सॉरी.

बी-601, 11:06
सहा महिने??

डी-303, 11:06
सोफा आत्ता सरकवला.

सी-502 (बाई), 11:30
जबाबदारीचा प्रश्न रास्त आहे, मी त्याला नाक मुरडत नाही. आधी कपाटाचं सांगते, कारण दान दान चाललंय. काल दुपारी मी कपाट मोजलं. 214 पुस्तकं. त्यात 2011 च्या स्पर्धा परीक्षांची गाइडं 46, 'श्रीमंत कसे व्हाल' छापाची 30, ज्ञानेश्वरी 3, दिवाळी अंक दोन गठ्ठे, टेलिफोन डिरेक्टरी 2. लहान मुलाने हातात धरावीत अशी 19, त्यातली 8 इंग्रजी. हे आपण संस्थेला दान देणार? त्यांना रद्दीवाला बोलावण्याचं काम तेवढं देऊ.

पुस्तकांना पैसे लागणार नाहीत. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे अंक नेटवर फुकट वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावून ठेवल्यात, छापून घेतल्या तर चालतं. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानाला एखादंच वाक्य असतं. माझ्या प्रिंटरवर काढते, शाईचं बघू पुढे.

मला हवी आहे ती जागा, कपाटाची किल्ली आणि माणसं. पुस्तक नुसतं हातात देऊन भागत नाही, शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

सी-101, 11:41
याला आधार आहे. साधारण 2001 ते 2003 मध्ये 'प्रथम'ने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' चालवलं. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. फार शिकलेली शिक्षिका नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी ते मोजलं, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच. सगळ्यांत मागे असलेल्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला, हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणून वाचन प्रेरणा दिनाला 15 ऑक्टोबरला फोटो काढून 16 ला कुलूप लावायचं असेल तर मी यात नाही.

सी-502 (बाई), 11:52
त्यांचं मर्म एवढंच, मुलं इयत्तेप्रमाणे बसवायची नाहीत, जिथे अडलंय तिथून उचलायची. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही.

पण त्यात एक मेख आहे. वॉचमनच्या मुलीला दुसरीतल्या पोरांबरोबर बसवलं तर ती उद्यापासून यायची नाही. अकरा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. परवाच मी चूक केली. सोपं पुस्तक काढलं तर म्हणाली, "हे बारक्यांचं आहे." मग काल युक्ती केली. तिच्या धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवायचं काम तिला दिलं, "उद्या दाखव, आज घरी नेऊन बघून ठेव." तेच बारक्यांचं पुस्तक ओढणीत गुंडाळून घेऊन गेली. भावाला दाखवायचं म्हणून रात्री स्वतः चार वेळा वाचलं असणार, कारण आज सकाळी दूध आणायला गेले तर केबिनमध्ये बसून 'मित्र' नीट म्हणत होती. 'सूर्य' अजून 'सुरय' आहे. येईल.

ए-304 (काका), 12:10
बाई, हे वाचून मघाचं टॅक्सचं वाक्य मागे घेतो. अर्धं. 1848 साली या शहरात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्याच साली पुणे नगर वाचन मंदिरही. माझे वडील वाचन मंदिराचे सभासद होते, पायी जाऊन पुस्तक बदलून आणायचे. मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली, दुपारी टीव्हीवरचे भांडखोर लोक बघतो. मंगळवार-शुक्रवार मी बसू शकतो. गणित मात्र विचारू नका.

बी-601, 12:14
काका, बोर्डाचं काय?

सेक्रेटरी (ए-201), 12:31
नियमावली काढून बघितली. कलम 9: कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना प्रवेश नाही. कलम 11: सभासदाबरोबर प्रत्येक फ्लॅटमागे जास्तीत जास्त चार पाहुण्यांना संध्याकाळी आठपर्यंत प्रवेश, रजिस्टरमध्ये नोंद आवश्यक, नुकसानीची जबाबदारी त्या सभासदाची.

सी-502 (बाई), 12:33
मग ती माझी पाहुणी.

सेक्रेटरी (ए-201), 12:34
मला तेच म्हणायचं होतं, पण पदावर असल्यामुळे म्हणता येत नव्हतं.

सी-502 (बाई), 12:35
मुलं सहा आहेत. माझी चार झाली.

डी-303, 12:36
उरलेली दोन माझ्या नावावर टाका. सोंगट्याही आणून ठेवतो.

बी-601, 12:40
ठीक आहे. पण वार्षिक सभेत हा विषय रीतसर घ्या. पाहुणे म्हणून किती दिवस? कलम 9 काढायचं तर काढा, असं मागच्या दाराने नको. आणि माझ्याकडे मुलांची 30-40 पुस्तकं आहेत, लेक अमेरिकेला गेल्यापासून बांधूनच ठेवली आहेत. चांगल्या स्थितीत आहेत, डिरेक्टऱ्या नाहीत.

सी-502 (बाई), 12:44
बोर्डाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. सभेत मीच मांडते, तुम्ही अनुमोदन द्या. पुस्तकं घ्यायला चार वाजता येते.

बी-601, 12:45
अनुमोदनाचं बघू. चहाला या.

ए-102, 12:50
मग ट्रेडमिलचं काय ठरलं?

(गुरुवार)

सेक्रेटरी (ए-201), दुपारी 3:20
पेस्ट कंट्रोल झालं. वास फार आहे, शनिवारपर्यंत क्लबहाउस बंद. कपाटाची एक किल्ली बाईंकडे, दुसरी वॉचमन केबिनमध्ये. पाहुण्यांचं रजिस्टर नवीन आणलंय.

सी-502 (बाई), 3:31
म्हणजे आज आणि उद्या जिन्याखालीच. फरशी गार आहे, कुणाकडे मोठी चटई आहे का? आणि काका, उद्या तुमचा शुक्रवार. चष्मा विसरू नका.

ए-304 (काका), 3:33
दोन्ही चष्मे आणतो.

डी-303, 3:36
चटई आहे, खाली पाठवतो. टँकर आला का?