पीटेन प्रथिन आढळत नाही, म्हणजे पुढे गर्भाशयाचा कर्करोग होणारच का?

प्रश्न

माझ्या मोठ्या बहिणीला पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होत असल्याने गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी करण्यात आली. अहवालात ‘एटिपिया नसलेला हायपरप्लेसिया’ (म्हणजे अस्तराची जास्त वाढ, पण पेशींच्या रूपात विकृती, अर्थात एटिपिया, नाही) असे निदान असून, काही ग्रंथींमध्ये पीटेन प्रथिन आढळत नाही, अशी नोंद त्याखाली आहे. पीटेन हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक असल्याचे वाचल्यापासून घरातील सर्वजण धास्तावले आहेत. या एका तपासणीवरून पुढे काय होईल ते सांगता येते का?

उत्तर १ (पॅथॉलॉजिस्ट)

नाही, सांगता येत नाही. पीटेन पेशींच्या वाढीला आवर घालते आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारच्या (गर्भाशयाच्या अस्तराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या) कर्करोगात ते बहुधा नष्ट झालेले असते, हे खरे आहे. मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाळी सुरू असलेल्या आणि अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सामान्य दिसणाऱ्या स्त्रियांपैकी ४३ टक्के जणींमध्ये पीटेन नसलेल्या तुरळक ग्रंथी सापडल्या होत्या; त्या सर्वांना कर्करोग होत नाही, हे उघड आहे. पॅक्स-२ या प्रथिनाचीही स्थिती साधारण अशीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात पीटेन, पॅक्स-२ किंवा डीएनए-दुरुस्ती प्रथिनांचा अभाव हा एटिपिकल हायपरप्लेसियाच्या निदानाला पूरक पुरावा मानला आहे. पेशींची ठेवण पाहून एटिपिया आहे की नाही अशी शंका उरते, तेव्हा ही प्रथिने आहेत की नाहीत हे दाखवणाऱ्या रंजनाची (नमुन्याला रंग देऊन केलेल्या तपासणीची) मदत होते. तुमच्या बहिणीच्या अहवालात एटिपिया नाही, आणि माझ्या मते त्या ओळीला सर्वाधिक वजन द्यावे.

उत्तर २ (संशोधक)

वरील मताशी सहमत आहे. फक्त खात्रीचा सूचक (पुढे कर्करोग होईल का हे सांगणारी खूण) अजून हाती का आला नाही, तेही सांगावेसे वाटते. एखादा सूचक भविष्य वर्तवतो की नाही हे ठरवायचे, तर स्त्रियांवर उपचार न करता वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल, आणि तसे करणे योग्य नाही. एटिपिया आढळल्यावर अनेकींचे गर्भाशय काढले जाते, त्यामुळे पुढे काय झाले असते ते कळण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय काढलेल्या गर्भाशयात कर्करोग सापडला, तर तो नंतर उद्भवला की बायोप्सीच्या वेळीच होता आणि नमुन्यात आला नाही, हे वेगळे करणे अवघड असते. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात एटिपिकल हायपरप्लेसियाचे निदान झालेल्यांपैकी जवळपास ४३ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयात कर्करोग आधीच होता. सूचकांवरील पुष्कळ अभ्यासांत या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, आणि मला हीच सर्वांत गंभीर त्रुटी वाटते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मग बहिणीने आता नेमके काय करावे?

उत्तर ३ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

एटिपिया नसलेल्या हायपरप्लेसियाचे २० वर्षांत कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते. लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक) सोडणारे साधन गर्भाशयात बसवणे हा सहसा पहिला उपचार असतो. त्यानंतर सहा-सहा महिन्यांनी बायोप्सी करून, लागोपाठ दोन नमुने निर्दोष येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. वजन जास्त असल्यास ते कमी करणे आणि केवळ इस्ट्रोजेनची औषधे सुरू आहेत का ते तपासणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा: जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, विशेषतः पन्नाशीच्या आत, झाला होता का? तसे असल्यास लिंच सिंड्रोमची (असे कर्करोग होण्याचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शक्यता तपासावी लागते, आणि मग आनुवंशिक चाचणीचा विचार बहिणीबरोबर तुमच्यासाठीही करावा लागेल.