मदत हवी आहे: वर्कशॉपमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम उडून मुलाचा पाय भाजला, पुढची बॅच कशी घेऊ?

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप इन्स्ट्रक्टर आहे, चार वर्षं झाली. कॉलेजचं नाव देत नाही. जरा मोठं लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, इथे फाउंड्रीतले (धातू ओतायच्या कारखान्यातले) बरेच जण आहेत म्हणून आले, नाहीतर आता कुणाला विचारावं तेच कळेना झालंय.

मागच्या मंगळवारी कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायचं, प्रॅक्टिकल होतं. आमच्याकडे छोटी गॅसची भट्टी आहे, धातू वितळवायचं ग्रॅफाइटचं भांडं म्हणजे क्रुसिबल, चार-पाच किलो ॲल्युमिनियम वितळतं, बहुतेक जुने पिस्टन आणि भंगारातलं. मुलांनी वाळूचे साचे भरून ठेवलेले, बाहेर सकाळपासून धो धो पाऊस. मेटल तयार झालं, वरची मळी काढायची म्हणून एका मुलाने खिडकीखालची लोखंडी सळी उचलली. ती सळी कायम तिथेच टेकवलेली असते, आम्ही सगळे तीच वापरतो. रात्रभर त्या खिडकीतून झड आत येत होती आणि सळीच्या टोकाला गंजाचा जाड थर होता, हे मला नंतर दिसलं. सळी आत गेली आणि फट्ट असा आवाज झाला, डब्याखाली फटाका फोडल्यावर होतो तसा, आणि मेटल छातीएवढं वर उडालं.

सळी धरलेला मुलगा वाचला कारण वर्कशॉपमधलं एकुलतं एक फेस शील्ड त्याने घातलेलं. पण मागे बघत उभा होता त्याच्या पायावर दोन थेंब पडले, साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. पायात जाळीचे स्पोर्ट्स शूज, आत नायलॉनचा मोजा. थेंब जाळीतून सरळ आत गेले आणि मोजा वितळून कातडीला चिकटला. त्याच्या मित्राने घाबरून मोजा ओढला आणि मोज्याबरोबर कातडी निघून आली. कुणीतरी धावत जाऊन टूथपेस्ट आणली, आणि मी, जी दर वर्षी सेफ्टीचं लेक्चर देते, मी ती लावू दिली. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

मुलगा आता घरी आहे, ड्रेसिंग चालू आहे, डॉक्टर म्हणाले पाय बरा होईल. मी दोनदा घरी जाऊन आले. त्याची आई मला काही बोलली नाही, चहा दिला.

आता अडचण अशी की विभागप्रमुख म्हणतात प्रॅक्टिकल बंद करा, व्हिडिओ दाखवा आणि जर्नल पूर्ण करून घ्या. त्यांची काळजी मला कळते. पण या बॅचमधली कितीतरी मुलं दोन वर्षांनी कोल्हापूर-पुण्याकडे कारखान्यात लागतील, तिथे पहिल्याच आठवड्यात भट्टीसमोर उभी राहतील, आणि ओली सळी काय करते हे त्यांनी फक्त मोबाईलवर बघितलेलं असेल. मला प्रॅक्टिकल घ्यायचंय, पण नीट घ्यायचंय. दोन आठवडे हातात आहेत आणि खर्चायला फारसं काही नाही.

तर माझे प्रश्न: सळी, लॅडल (ओतायचा पळा), चिमटा पूर्ण कोरडा आहे हे ओळखायचं कसं, पाण्याचा थेंब टाकून चुर्र होतं का बघायचं का? पावसाळ्यात साच्याच्या वाळूचं काय करायचं? मुलांनी कपडे-बूट काय घालावेत, आमचा युनिफॉर्मच टेरिकॉटचा आहे. आमची जमीन साधी सिमेंट काँक्रीटची आहे, ती चालते का? आणि परत कुणी भाजलंच तर पहिल्या पाच मिनिटांत नक्की काय करायचं?

शिरोलीकर:
ताई, पहिलं म्हणजे पोरगं बरं होतंय हे वाचून बरं वाटलं. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत २२ वर्षं मेल्टिंगला आहे. तुमच्याकडं जे झालं ते फाउंड्रीत सगळ्यात जास्त वेळा होणारं आहे, आणि कारण एकच, पाणी. पाण्याची वाफ झाली की ती १६०० पटीच्या वर जागा मागते. पाणी मेटलच्या वर पडलं तर एकवेळ तडतड करून उडून जाईल, पण मेटलच्या खाली किंवा आत गेलं तर वाफेला बाहेर यायला वाट नसते, मग ती मेटलच उचलून फेकते. त्याला वाटीभर पाणी लागत नाही, गंजात मुरलेलं पुरतं.

चुर्रवाली टेस्ट अजिबात करू नका, भट्टीशेजारी पाण्याची वाटी आली म्हणजे पुढचा अपघात तिथंच मांडून ठेवला. आमच्याकडं नियम वेळेचा आहे. मेटलला जी जी वस्तू लागणार ती भट्टी पेटवल्यापासून भट्टीच्या तोंडाशी, आणि आत घालायच्या आधी निदान पंधरा मिनिटं चांगली तापलेली. गंजलेली सळी आधी घासून साफ करायची, वर कोटिंग लावायचं, कोटिंगही पाण्यातलंच असतंय म्हणून तेही भाजून वाळवायचं. आणि सळीची जागा बदला. खिडकीखाली परत कुणी ठेवणारच, तिथं टेकवायला जागाच ठेवू नका.

भंगाराचं पण तेच. बाहेर पडलेला पिस्टन वरून कोरडा दिसतो, पण त्याच्या खाचेत तेल असतंय, पाणी असतंय. वितळलेल्या मेटलमध्ये थंड तुकडा कधी टाकायचा नाही, आधी भट्टीच्या काठावर तापवायचा मग चिमट्यानं हळू सोडायचा. बंद नळी, डबा, दोन्ही तोंडं मिटलेलं काहीही असलं तर बाजूला काढा.

वाळूसाठी मूठ वळून बघा. गोळा झाला पाहिजे, मोडला की कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत आणि तळहात ओला व्हायला नको. हाताला चिकटली तर पाणी जास्त झालं. साच्याला सुईनं व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर पडायला बारीक भोकं, भरपूर पाडा, पोरं तिथं कंटाळा करतात.

मूळ धागाकर्ती:
दादा खूप खूप आभार. तुमचं वाचून लगेच वर्कशॉपमध्ये गेले. आमच्या लाल फायर बकेटमधल्या वाळूत हात घातला तर ती पण ओलसर! म्हणजे मेटल सांडलं असतं तर आम्ही वरून ओली वाळू टाकली असती. आज सगळी पत्र्यावर पसरून भाजून घेतली, आता झाकणाच्या डब्यात ठेवतेय.

शिरोलीकर:
बरं केलंत. काँक्रीटबद्दल राहिलं. उघड्या काँक्रीटवर ओतकाम करू नका. काँक्रीट कोरडं दिसलं तरी आत पाणी असतंय, मेटल सांडलं की टवके उडतात आणि मेटलसकट अंगावर येतात. ओतायच्या जागी आणि येण्याजाण्याच्या वाटेवर दोन-तीन इंच कोरडी वाळू पसरा, खर्च काहीच नाही. सांडलेल्या मेटलवर पाणी नाही, फोम नाही, कोरडी वाळू टाकून थंड होऊ द्या.

आणि एक, पोरांना सांगा ॲल्युमिनियम लाल दिसत नाही. लोखंड लालभडक असतंय, माणूस आपोआप लांब राहतो. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, आपण ओततो ७०० च्या वर, तरी उजेडात ते पाऱ्यासारखं चांदीच दिसतं. सांडून गोठलं की अगदी थंड असल्यासारखं वाटतं आणि कुणीतरी उचलायला जातं.

जळीत वॉर्ड सिस्टर:
मी नर्स आहे, फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. मुलाला आधी भट्टीपासून लांब, दुसऱ्या खोलीतल्या नळाखाली न्या. भट्टीजवळ बाटलीने पाणी ओतायचं नाही, कारण वर वाचलंतच. मग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. मुलं दोन मिनिटांत म्हणतात बरं वाटतंय, तरी थांबू नका. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. कातडीला चिकटलेलं काहीही ओढायचं नाही, मोजा असो की मेटलचा तुकडा, आजूबाजूचं कापड कात्रीने कापा आणि चिकटलेलं तसंच राहू द्या. हातात अंगठी, कडं, घड्याळ असेल तर सूज यायच्या आत काढा. स्वच्छ ओलसर सुती कापड सैल टाकून दवाखाना. डोळ्याजवळ काही उडालं असेल तर छोटं दिसलं तरी लगेच डोळ्यांचे डॉक्टर.

आणि टूथपेस्टचं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे शिकलेसवरलेले आईबाप पण बाळाला टूथपेस्ट लावून आणतात. पुढच्या वेळी कात्री आणि हा कागद भिंतीवर असला की झालं.

टर्नरकाका:
आयटीआयला ३० वर्षं शिकवलं, रिटायर झालो. टेरिकॉट नको म्हणजे नकोच, ते नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. खाकी सुती शर्ट, जाड सुती पँट, आणि पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको, नाहीतर मेटल थेट बुटात उतरतं. बूट चामड्याचे, लेस नसलेले बरे, पटकन काढता येतात. चष्मा पुरत नाही, ओतणाऱ्या दोघांना फेस शील्ड, चामड्याचा ॲप्रन आणि लेगगार्ड. बाकीच्या पंधरा जणांना हे सगळं घ्यायला पैसे नसतील तर त्यांना लांब उभं करा, जमिनीवर चुन्याची रेघ मारा, रेघेच्या आत फक्त तिघं.

मी मुलांकडून आधी थंड रिहर्सल करून घ्यायचो. क्रुसिबलमध्ये कोरडी वाळू भरायची, तेवढंच वजन, आणि भट्टीपासून साच्यापर्यंत पाच वेळा चालायचं, बोलत. "उचल", "चाल", "थांब", "ओत". हातातून निसटलं तर पकडायला जायचं नाही, सोडून मागे सरायचं, हे पण करून दाखवायचो, कारण माणसाचा हात आपोआप पुढे जातो. ज्या जोडीला रिहर्सल जमली नाही ती त्या दिवशी ओतत नसे.

अजून एक विचारतो. तुमची मुलं घरी गच्चीवर कॅन वितळवायचे व्हिडिओ बघून काही उद्योग करतात का? माझ्या एका विद्यार्थ्याने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओतलं होतं, साचा तीन दिवस उन्हात वाळवलेला. प्लास्टर उन्हाने वाळतं ते वरवर, पाणी त्याच्या घडणीतच अडकलेलं असतं. सुदैवाने तो वाकून बघत नव्हता.

मूळ धागाकर्ती:
काका, मी आज वर्गात विचारलं तर दोघांनी हात वर केला. एकाने तर विचारलं की ओला हात शिशात बुडवून काढतात ते खरं का. त्याला अर्धा तास बसवून घेतलं.

अपडेट: विभागप्रमुखांना हा सगळा धागा प्रिंट काढून दिला. त्यांनी सहा-सहाच्या तुकड्या करून परवानगी दिली, ओतताना मी आणि अजून एक स्टाफ दोघांनी हजर राहायचं या अटीवर. वाळूचा थर घातला, रेघ मारली, फेस शील्ड दोन आली, एक ॲप्रन माझ्या पैशातून. काल रिहर्सल घेतली. भाजलेला मुलगा चपला घालून आला होता, रेघेच्या बाहेर बसून होता, आणि एका जोडीने वाटेत "थांब" न म्हणता ओतायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी तोच ओरडला.

अजून एकच अडकलंय. बॅचमध्ये चार मुली आहेत आणि इथल्या दुकानात लेदरचे सेफ्टी बूट सहा नंबरच्या खाली मिळत नाहीयेत. मोठा बूट घालून दोन मोजे घालायचं मनाला पटत नाही, चालताना पाय आत सरकतो. चार-पाच नंबरचे कोल्हापुरात किंवा पुण्यात कुठे मिळतील? गुरुवारी त्यांची तुकडी आहे.