कुत्र्याच्या पिल्लाला नाव सुचवा, नर-मादी दोन्हीला चालेल असं (घाई आहे!)

खिडकीतून
नमस्कार मंडळी, शनिवारी घरी पिल्लू येतंय. नाव गोड हवं आणि मुलगा-मुलगी दोघांनाही शोभेल असं. नेटवर शोधून दमले, सगळीकडे कोको, चार्ली, मिलो. टॉमी, मोत्या, शेरू नकोत. घरात एकमत होत नाहीये, पटापट सुचवा प्लीज.

दुपारचा_चहा
जात? रंग? वय? नर की मादी तेही नाही. बाळ न बघता बारसं कसं करायचं? फोटो टाका आधी.

भाकरतुकडा
काजू! आमची काजू आता सहा वर्षांची आहे. नाहीतर चकली, लाडू, फुटाणा, भडंग. खाण्याच्या नावांना तोड नाही.

खिडकीतून
अरे हो, लिहायचं राहिलं. खाण्याची नावं नकोत. सासूबाई म्हणतात, अन्नाच्या नावाने हाडहूड करायची नाही.

खडूस_काका
हे 'दोघांनाही शोभेल' काय प्रकरण आहे? नवीन फॅड? आमच्या वेळी कुत्रा असला की मोत्या, कुत्री असली की चंपी. विषय संपला.

खिडकीतून
फॅड नाही हो काका. आमच्या पार्किंगमध्ये कुत्रीने पाच पिल्लं घातली आहेत. त्यांना खायला घालणाऱ्या ताई म्हणतात, ज्यांनी आधी सांगितलंय ते निवडतील, उरेल ते तुमचं. म्हणजे कोणतं येणार ते आम्हालाच माहीत नाही. आणि लेकीला गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव कोरून घ्यायचंय, तो दुकानदार आज ऑर्डर द्या म्हणतोय.

दुपारचा_चहा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर!

सांगलीचा_पाहुणा
गावठी घेताय, उत्तम. पण एक विचार करा, कारवान घ्या, शिकारी कुत्र्यांची देशी जात. आमच्या भागात सशामागे सोडायचे पूर्वी. अंगात चरबी नाही, वाऱ्यासारखं पळतं, आजारपण कमी. ओळखीच्यांकडे पिल्लं आहेत.

भाकरतुकडा
त्या नाव विचारतायत, कुत्रं नाही. आणि फ्लॅटमध्ये कारवान? सोफ्यावरून टीव्हीवर पळेल ते.

तीन_पिढ्या_श्वान
आमच्याकडे आजोबांपासून कुत्री आहेत, म्हणून सांगतो. दोन अक्षरी नाव ठेवा. ट, क, च, ब असं काहीतरी ठसठशीत हवं, म्हणजे रस्त्यावरच्या गोंगाटातही कानावर पडतं. शेवटी ई किंवा ऊ असला की हाक लांबवता येते. आणि ज्या शब्दांनी त्याला शिकवणार त्यांच्याजवळ जाणारं नाव नको. 'बस' शिकवणार असाल तर बासू ठेवू नका, 'नको' म्हणणार असाल तर निकू नको. पिल्लू गोंधळतं आणि आपण त्याला बिनडोक ठरवतो. नाव ठरलं की गॅलरीत उभं राहून दहा वेळा मोठ्याने हाक मारून बघा. स्वतःलाच लाज वाटली तर बदला.

गुळवेलीचा_काढा
असं काही नसतं. आमच्या कुत्र्याचं नाव त्रिविक्रम आहे. एका हाकेत येतो.

तीन_पिढ्या_श्वान
हाकेला नाही, बिस्किटाच्या डब्याच्या आवाजाला येतो तो. एकदा डबा न वाजवता बोलवा.

गुळवेलीचा_काढा
बोलवलं. आला नाही. झोपला होता.

मुक्काम_अबूधाबी
मराठीत आकारान्त नाव ठेवलं की तो होतो आणि ईकारान्त ठेवलं की ती. ऊकारान्त मात्र दोन्हीकडे खपतं. सोनू, बिट्टू, चिकू, पिंकू. नाहीतर माणसांची किरण, शशी आहेतच.

खिडकीतून
सोनू नणंदेचं घरातलं नाव. चिकू भाचा. किरणकाका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि पाळीव प्राण्यांची नोटीस तेच लावतात.

दुपारचा_चहा
ताई, नकोंची यादी एकदाच द्या ना!

गडवाटेवरचा
वाघ्या. मराठी घरात दुसरं नाव हवंच कशाला? रायगडावर समाधी आहे.

कागदपत्र_कुठाय
त्या समाधीला समकालीन पुरावा दाखवा मग बोलू. मागे पुतळा हटवून परत बसवला गेला तेव्हाही हाच वाद होता.

गडवाटेवरचा
इमानाला कागद लागत नाही.

दुपारचा_चहा
इथे नको, यावर आधीच चारशे प्रतिसादांचा धागा आहे.

भाकरतुकडा
शिवाय कुत्री आली तर? खंडोबाचे वाघ्या-मुरळी धरले तर मुरळी म्हणावं लागेल.

ओवीबद्ध
कृपया नको. देवाला वाहिलेल्या मुलींना मुरळी म्हणत, त्यांच्या वाट्याला काय आलं ते जेजुरीकडच्या जुन्या माणसांना विचारा. कुत्रीला ते नाव देऊन हसावं असं त्यात काही नाही. पुराणातलंच हवं असेल तर सरमा घ्या. इंद्राची कुत्री, पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गाई शोधून काढणारी, थेट ऋग्वेदातली. आणि आकारान्त असल्याने कुत्र्यालाही चालून जाईल.

भाकरतुकडा
जिन्यात 'सरमा, खाली उतर' ओरडलात आणि वर शर्मा राहत असतील तर?

खिडकीतून
तिसऱ्या मजल्यावर राहतात :(

सुई_टोचणारी
नाव काहीही ठेवा हो, पिल्लू किती आठवड्यांचं आहे ते कुणीच विचारत नाहीये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग पुढचे डोस, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध त्याआधीच सुरू होतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा अजिबात नाही. लहान मुलगी आहे घरात, तिला हे आधी सांगा, नाव नंतर.

खिडकीतून
दीड महिना झाला असेल. भात-चिकन खातात.

सुई_टोचणारी
मग शनिवारची घाई कशाला? आठ आठवडे होईपर्यंत आई आणि भावंडांजवळ राहू द्या. चावायचं किती आणि कुठे थांबायचं हे ती एकमेकांत खेळूनच शिकतात.

खिडकीतून
कळतं मला. पण पार्किंग आहे ते. चाकाच्या सावलीत जाऊन झोपतात आणि गाड्या रिव्हर्स येतात. मागच्या वेतातलं एक तसंच गेलं. ताईंना त्यांच्या घरी ठेवणं शक्य नाही, मालकाची परवानगी नाही.

सुई_टोचणारी
बरं. मग आणा. पण दिवसातून एकदा आईला आणि भावंडांना भेटवत जा, खालीच तर आहेत. आणि पुणे मनपाच्या हद्दीत असाल तर परवाना काढायला विसरू नका, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

मुक्काम_अबूधाबी
ऊकारान्तावर मी ठाम आहे. टुकू कसं वाटतं? पिल्लं टुकूटुकू बघतातच. दोन अक्षरं, ट आहे, क आहे, आणि नात्यात कुणाचं असणं शक्य नाही.

तीन_पिढ्या_श्वान
मान्य. गॅलरीची परीक्षा पास होईल.

खडूस_काका
टुकूचं टुकार व्हायला वेळ लागत नाही. शाळेत माझ्या नावाचं काय झालं ते मला विचारा.

दुपारचा_चहा
काय झालं काका?

खडूस_काका
धागा भरकटवू नका.

खिडकीतून
लेकीने गॅलरीतून ओरडून पाहिलं. किरणकाकांनी वर बघितलं, पण ते कशालाही वर बघतात. मुख्य म्हणजे सासूबाई कवळी काढून ठेवतात तेव्हाही त्यांना हे नीट म्हणता येतं, म्हणून त्यांचं मत पडलं. मिस्टरांना बिट्टू हवं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. टुकू पाठवलं कोरायला. मागच्या बाजूला फोन नंबर घालतेय. धन्यवाद सगळ्यांना, विशेषतः अबूधाबी.

सांगलीचा_पाहुणा
अभिनंदन. कारवानचा विचार बदलला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नवीनच_आलोय
धागा वाचला, छान माहिती. माझ्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे, दुकानदार म्हणाला नर-मादी आहे, पण दोघं दिसायला अगदी सारखी आणि सहा महिने झाले अंडं नाही. ओळखायचं कसं? इथेच विचारू की नवीन धागा काढू?