राणीच्या बागेत प्राणी ठेवावेत का, आणि ठेवायचे तर कोणते?

चिंचपोकळीकर

माझे घर भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानापासून, म्हणजे आपल्या राणीच्या बागेपासून, पायी पंधरा मिनिटांवर आहे. गेल्या महिन्यात आठ वर्षांच्या भाचीला तिथे घेऊन गेलो होतो. वाघाच्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिल्यावर तिने विचारले, "मामा, याला सुट्टी कधी असते?" बाग बुधवारी बंद असते, म्हणून मी म्हणालो, "बुधवारी." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग बुधवारी हा कुठे जातो?" याचे उत्तर मला देता आले नाही, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

ही बाग १८६२ साली सुरू झाली. सुमारे ५३ एकर जागा, चारही बाजूंनी वाढलेले शहर, आत तीन हजारांहून अधिक झाडे आणि त्यांच्यामध्ये जागोजागी बसवलेले पिंजरे व खंदक, असे तिचे रूप आमच्या पिढीने पाहिले. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला आणि वर्तमानपत्रांत रणे माजली. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये पेंग्विनांचे दालन उघडताच गर्दीने उच्चांक मोडले, त्याच वर्षी मोठ्यांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेले, आणि पाठोपाठ जुने पिंजरे पाडून काचेची नवी दालने उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून २०२० साली वाघांची जोडी आली. शेजारच्या गिरणीच्या जागेवर विस्तार करून जिराफ, झेब्रा आणण्याच्या योजनाही अधूनमधून कानावर येत असतात.

आमच्या घरात यावरून सरळ दोन तट आहेत. वडील म्हणतात की पूर्वीच्या गजांच्या पिंजऱ्यांपेक्षा आता कितीतरी बरे आहे, तेव्हा उगाच खुसपटे काढू नयेत. बहिणीचे म्हणणे असे की दीडशे वर्षांची जुनी कल्पना नव्या काचेत बसवली म्हणून ती नवी होत नाही. मला जाणकारांना एवढेच विचारायचे आहे की, एखादे प्राणिसंग्रहालय सगळे नियम पाळत असेल तर तिथल्या प्राण्याचे बरे चालले आहे असे मानावे का? आणि शहराच्या पोटात अडकलेल्या या बागेचे पुढे काय व्हावे?

निवृत्त पशुवैद्य

तुमच्या भाचीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण ती सुट्टी वाघासाठीच आहे. प्राणिसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवलेच पाहिजे, असे मान्यतेच्या नियमांत लिहिलेले आहे. वाघ त्या दिवशी कुठे जात नाही, फक्त त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो, याचा फरक प्राण्यांच्या वागण्यात दिसतो.

आता नियमांविषयी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेचे नियम १९९२ मध्ये झाले व २००९ मध्ये नव्याने आले. सबळ कारण नसेल तर कोणताही प्राणी वर्षभराहून अधिक काळ जोडीदाराविना ठेवू नये, असे त्यांत आहे. वाघाच्या जोडीला बाहेर फिरायला किमान हजार चौरस मीटर जागा द्यावी, असा प्राधिकरणाचा दंडक आहे. हे सगळे आवश्यक होते. त्यापूर्वी काय परिस्थिती होती हे ज्यांनी पाहिले आहे, ते या कागदाला नावे ठेवणार नाहीत.

परंतु हजार चौरस मीटर ही किमान मर्यादा आहे, आणि आपल्याकडे किमान मर्यादा गाठली की काम संपले असे समजण्याची रीत आहे. शिवाय जागा मोजणे सोपे असल्याने आपण जागाच मोजत बसतो. विदर्भातल्या जंगलात वाघाची हद्द कित्येक चौरस किलोमीटर असते, असे सांगून काही मंडळी लगेच निकाल देतात. ती तुलनाही मला अर्धवट वाटते, कारण वाघ एवढा हिंडतो तो भक्ष्यासाठी, मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दूर ठेवण्यासाठी. बंदिवासात ही कामेच उरत नाहीत. त्यामुळे त्याला किती जागा आहे याच्या बरोबरीने दिवसभर करायला काय आहे, हेही विचारावे लागते. प्राण्यांच्या 'पाच स्वातंत्र्यां'चा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लीकट्टूच्या निकालात केला होता: भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वर्तनाची मुभा. यांतली पहिली चार काय नसावे ते सांगतात आणि डॉक्टरला तपासता येतात. पाचव्याशी गाठ पडली की सगळेच अडखळतात.

एक उदाहरण देतो. मी ज्या ठिकाणी नोकरीला होतो त्याचे नाव घेत नाही. तिथे एक अस्वल होते, आणि ते दिवसभर भिंतीच्या कडेने इंग्रजी आठाच्या आकारात येरझारा घालत असे. वळताना त्याचा पुढचा उजवा पाय दर वेळी एकाच फरशीवर पडे, इतका की तेवढीच फरशी गुळगुळीत होऊन मध्ये खोलगट झाली होती. अस्वलाचे वजन योग्य होते, रक्ततपासणी उत्तम होती, पिंजरा मापात बसत होता. तपासणी अहवालात लिहिण्यासारखे काहीच नव्हते. शेवटी आमच्याकडच्या एका जुन्या कामगाराने, कोणी न सांगता, लाकडाच्या ओंडक्याला गिरमिटाने भोके पाडली आणि त्यांत मध, शेंगदाणे भरून ठेवले; दोन वेळचे खाणे सहा ठिकाणी लपवायला सुरुवात केली, आणि कुठूनतरी वारुळाची मातीही आणून टाकली. अस्वलाच्या जिभेची, ओठांची ठेवण मुळी वाळवी ओढून घेण्यासाठीच असते. महिनाभरात त्याच्या येरझारा निम्म्यावर आल्या. बंद झाल्या असे म्हणणार नाही, त्या कधीच पूर्ण बंद झाल्या नाहीत.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. खरे काय चालले आहे ते पाहायचे असेल तर एका प्राण्यासमोर तासभर बसा आणि दर पाच मिनिटांनी तो काय करतो आहे ते वहीत लिहा. मी नवीन डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात हेच काम देत असे.

टेम्सकाठची

मी मूळची दादरची, गेली अठरा वर्षे लंडनमध्ये आहे. इथले प्राणिसंग्रहालय १८२८ चे, म्हणजे राणीच्या बागेहूनही जुने, आणि जागा अवघी ३६ एकर. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते बंद पडायच्या बेतात होते. आज ते टिकून आहे याचे एक कारण मला असे वाटते की काही गोष्टी आपल्याला जमणार नाहीत हे त्यांनी उशिरा का होईना मान्य केले. २००१ साली एका हत्तीकडून त्याची देखभाल करणाऱ्याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर सगळे हत्ती शहराबाहेर व्हिप्सनेडच्या मोकळ्या जागेत गेले. लंडनच्या आवारात तेव्हापासून हत्ती नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही. आपल्याकडे प्राधिकरणाने २००९ मध्येच हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवण्याचा आदेश काढला होता, पण राणीच्या बागेतले हत्ती त्यानंतरही कित्येक वर्षे तिथेच होते.

पेंग्विनांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लंडनला १९३४ साली बांधलेला पेंग्विनांचा एक हौद आहे. पांढऱ्या काँक्रीटच्या दोन नागमोडी उतरंडी अंडाकृती पाण्यावर एकमेकींना वळसा घालून जातात. वास्तुकलेचे विद्यार्थी आजही तो बघायला येतात. तो अतिशय सुंदर आहे आणि रिकामा आहे. कठीण काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या तळपायांना जखमा होत, म्हणून २००४ मध्ये त्यांना तिथून हलवावे लागले. हौद मात्र वारसावास्तू म्हणून सर्वोच्च श्रेणीत नोंदलेला असल्याने पाडता येत नाही. नंतर २०११ मध्ये वाळू-गोट्यांचा किनारा आणि मोठे तळे करून दिले, त्यात हम्बोल्ट पेंग्विनच आहेत, आणि ते उघड्यावर राहतात. हा पक्षी बर्फातला नव्हेच, तो पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा. मुंबईच्या हवेत मात्र त्याला सोळा ते अठरा अंशांच्या वातानुकूलित खोलीतच ठेवावे लागते, म्हणजे यंत्रांच्या भरवशावर. तिथल्या लोकांनी ते काम नेटाने केले आहे हे मान्यच आहे. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेले पहिले पिल्लू आठवड्याभरात गेले, पण नंतरची जगली. तरीही ज्या प्राण्याला त्या शहराचा वारा कधीच लागू देता येणार नाही, तो तिथे का ठेवायचा, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

पर्वतीपायथा

पुण्याने हा प्रयोग करून पाहिला आहे, म्हणून दोन शब्द. सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात १९५३ पासून प्राणिसंग्रहालय होते. आमच्या लहानपणी फुलराणीच्या रुळांना लागूनच पिंजरे असत. गाडीची शिट्टी झाली की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि पिंजऱ्यातले जनावर दचकायचे, हे तेव्हा कळत नव्हते. पुढे १९९९ मध्ये कात्रजला १३० एकरांवर, तळ्यासकट, नवे संग्रहालय सुरू झाले आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातले उरलेसुरले प्राणीही तिकडे गेले. जुन्या जागेवर ऊर्जा उद्यान झाले, फुलराणी अजून धावते. पेशवे पार्क 'गेले' म्हणून गळा काढणारा पुणेकर मला तरी भेटलेला नाही, आणि पुणेकर कशावरही गळा काढू शकतो.

मात्र जागा मोठी झाली की प्रश्न मिटला, असेही नाही. २०२५ च्या जुलैत कात्रजला काही दिवसांतच पंधरा-सोळा चितळे दगावली. कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत साथ शिरली की एकरांचा उपयोग होत नाही. तिथे विलगीकरण, लसीकरण आणि वेळच्या वेळी केलेले निदान कामी येते. तेव्हा स्थलांतराच्या योजनेत भूखंडाइतकाच पैसा डॉक्टर, प्रयोगशाळा आणि कामगार यांच्या नावाने दाखवला आहे का, हे आधी पाहावे.

परळचा बाप

वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि त्यांतल्या ज्ञानाविषयी आदर आहे, तरी एक बाजू राहून गेली म्हणून लिहितो. मी दोन मुलांचा बाप, खासगी कंपनीत पाळीवर काम करतो. राणीच्या बागेत आई-वडील आणि दोन मुले शंभर रुपयांत आत जातात. ताडोबाला एका फेरीचे जिप्सीचे भाडे किती होते ते ज्यांनी भरले आहे त्यांना विचारा. हत्ती व्हिप्सनेडला गेले हे ठीक, पण तिकडे जायला गाडी लागते. प्राणी शहराबाहेर हलवा असे म्हणताना ते कोणाच्या नजरेआड होणार, याचाही विचार व्हावा. माझ्या धाकट्याने पाणघोडा पाण्यातून वर येऊन फुरफुरताना पाहिला, त्याच्या अंगावर तुषार उडाले, आणि पुढे आठवडाभर तो घरात बादलीत तोंड घालून पाणघोडा होत होता. मोबाइलवर वाघ तो रोज बघतो, त्याने असे कधी केले नाही.

निवृत्त पशुवैद्य

परळच्या बंधूंचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, आणि म्हणूनच सगळे बंद करा असे मी म्हटलेले नाही. त्यांच्याच उदाहरणातला पाणघोडा घ्या. मुंबईची दमट हवा त्याला मानवते, दिवसाचा बराच काळ तो पाण्यात काढतो, आणि पुरेसा खोल व स्वच्छ हौद मिळाला तर त्याचे दिवस बरे जातात. कासवे, मगरी, सुसरी, पाणपक्षी, जखमी होऊन आलेले व पुन्हा सोडता न येणारे स्थानिक प्राणी, यांच्यासाठी ५३ एकर पुष्कळ आहेत. हत्ती, जिराफ आणि कृत्रिम थंडीवर जगणारे प्राणी यांना तिथे आणू नये. आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळावे, पण त्यांची जागा पुन्हा भरू नये. यात कोणाच्या मुलाचे काही हिरावले जात नाही.

शिवाय ती मुळात वनस्पती उद्यान आहे, हे आपण सारे विसरतो. २००७ च्या सुमारास पुनर्विकासाची मोठी योजना निघाली, तेव्हा झाडांवर कुऱ्हाड येईल म्हणून नागरिकच उभे राहिले होते. तिथली गोरखचिंच दोन माणसांच्या कवेत मावत नाही, आणि ती बघायला रांग लागत नाही.

चिंचपोकळीकर

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे काल सकाळी नऊ वाजल्यापासून वही घेऊन वाघाच्या काचेसमोर बसलो. तासाभरात बारा नोंदी झाल्या. त्यांपैकी सात वेळा तो झोपलेला होता, दोन वेळा पाण्याच्या कडेला बसलेला, एकदा झाडाच्या बुंध्यावर नखे घासताना, आणि दोन वेळा काचेच्या कडेने चालताना. ही दोन वेळची चाल डॉक्टरांच्या अस्वलासारखी होती की नुसताच फेरफटका, हे मला ठरवता आले नाही. पाय एकाच जागी पडत नव्हता एवढे मात्र नक्की पाहिले.

वहीच्या उलट्या बाजूला मी माणसांच्याही नोंदी केल्या. बहुतेक जण मिनिटभराहून जास्त थांबले नाहीत, आणि थांबलेल्यांपैकी निम्मे पाठमोरे होते, कारण सेल्फीसाठी पाठ वाघाकडे करावी लागते. वाघ झोपलेला आहे म्हणून चौघांनी काच वाजवली. पाचवा वाजवायला पुढे आला तेव्हा त्याच्या मुलीनेच त्याचा हात धरला.

वडिलांना वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "एका तासावरून काय कळणार? दुपारचे बघायला हवे." बुधवार सोडून कोणत्याही दिवशी यायला ते तयार आहेत. त्यामुळे रविवारी दुपारी दोन ते चार आम्ही दोघे तिथे असू, आणि परळच्या बंधूंना जमले तर त्यांनी धाकट्याला घेऊन पाणघोड्याची बाजू सांभाळावी.