मदत हवी आहे: कॉस्प्लेसाठी खोकडाचे कान, बेस कशाचा, फर कुठली आणि डोक्यावर टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

यंदा मुंबई कॉमिक कॉनला (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा, तिथे लोक पात्रांचे वेश करून येतात, तेच कॉस्प्ले) स्वतःचं कॅरेक्टर घेऊन जायचं ठरवलंय. माळरानावरचं खोकड (कोल्ह्याचा छोटा भाऊबंद), पण माणसाच्या रूपातलं, खांद्यावर घोंगडी, मागे झुबकेदार शेपटी आणि डोक्यावर कान. घोंगडी घरात आहे, कपडे आई शिवून देतेय, शेपटीचंही साधारण ठरलंय, गाडी अडलीय ती कानांपाशी.

आधी रेडीमेडच बघत होते. पण ऑनलाइन ‘फॉक्स इअर्स’ टाकलं की एकजात नारिंगी कान येतात, मागून काळेभोर, आतून पांढरं फर. तो लाल कोल्हा झाला, आपल्या देशात तो हिमालयात नाहीतर कच्छ-राजस्थानच्या बाजूला दिसतो. आपल्या सोलापूर, नगर, सासवड-सुप्याच्या माळावरचं खोकड अगदी वेगळं दिसतं हो! अंगाने छोटं, जेमतेम दोन-तीन किलोचं, रंग राखट-पिवळट, वाळक्या गवतात बसलं तर दिसणारही नाही असा, कान डोक्याच्या मानाने मोठे, मागून गडद करडे-तपकिरी आणि कडेला काळी किनार. शेपटीचं टोक काळं, लाल कोल्ह्याचं पांढरं असतं. मला हेच करायचंय, कारण माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजून तिथे प्लॉट पडतायत आणि तिथे बीळ करून राहणारा हा प्राणी बऱ्याच जणांनी फोटोतही बघितलेला नसतो. कॉनमध्ये फोटो काढायला आलेल्या पोरांनी विचारलं ‘हा कुठला प्राणी’ तर सांगायला आवडेल, पण त्यासाठी कान बघून ‘मांजर का?’ असं कुणी म्हणता कामा नये.

आत्तापर्यंत काय केलंय ते सांगते. जाड कागदाचे कान कापून हेअर बँडला टेपने लावून आरशात बघितले, साडेचार इंच उंच आणि बुडाशी तीन इंच रुंद हे माप माझ्या चेहऱ्याला बरं दिसतंय. पण कागद सपाट आहे, खऱ्या कानाला कशी आतून खोलगट वाटी असते आणि बुडाशी तो गुंडाळल्यासारखा वळतो, ते कशाने आणायचं? आईने बक्रम सुचवलं (कॉलरमध्ये घालतात ते), एका मैत्रिणीने फोम सांगितला, व्हिडिओत बघावं तर कुणी तार घालतंय, कुणी थ्रीडी प्रिंट करून घेतंय.

दुसरं म्हणजे फर. रविवार पेठेत फर कापड बघून आले, सॉफ्ट टॉयवाले नेतात तेच, पण सगळं लांब केसांचं, कानावर घातलं तर टेडी बेअर होईल. रंगही पांढरा, क्रीम, चॉकलेटी, मला हवा तसा राखट नाहीच. मग क्रीम घेऊन रंगवायचं का? घरी कपडे रंगवायची पुडी आहे ती चालेल?

आणि तिसरं, मला चष्मा आहे. हेअर बँड चार तास घातला तर कानामागे चष्म्याची काडी आणि बँडचं टोक एकाच जागी दाबतात आणि डोकं ठणकायला लागतं. विग घालणारच आहे, तर बँड न वापरता कान विगलाच लावता येतील का? लोकलने जायचंय, त्यामुळे फार नाजूक काम नको. बजेट कानांपुरतं हजाराच्या आत. प्लीज जरा डिटेलमध्ये सांगा.

---

प्रतिसाद

बेससाठी डोळे झाकून २ मिमीचा ईव्हीए फोम (हलकी, रबरासारखी शीट) घे. बक्रम कागदावर छान वाटतं पण खळीचं असेल तर घामाने मऊ पडतं, दुपारपर्यंत कान माना टाकतात. नुसत्या तारेने कड उभी राहते, पण मधला भाग पोकळ राहतो आणि कापड आत बसतं. थ्रीडी प्रिंटचे कान मस्त दिसतात पण डोक्यावर जड होतात, आणि साध्या पीएलएचे (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) असले तर ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात, म्हणजे उन्हात बंद गाडीत ठेवायची सोय नाही.

आता वाटी कशी आणायची ते. कान कापलास की बुडापासून वर साधारण दीड इंच एक उभी चीर दे आणि चिरेच्या दोन्ही कडा अर्धा सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटव. आईला सांग ब्लाउजच्या टक्ससारखं करायचंय, लगेच कळेल. तेवढ्यानेच कान पुढे वळतो. मग हेअर ड्रायरने (हीट गन असेल तर लांबून) फोम गरम कर आणि वरणाच्या डावाच्या पाठीवर दाबून गार होईपर्यंत धरून ठेव. फोम गार झाला की तोच आकार धरून ठेवतो. डावा आणि उजवा कान आरशातल्यासारखे उलटे यायला हवेत, म्हणून पॅटर्न पालथा करून दुसरा काप.

चिकटवायला ग्लू गन नको, उन्हात तो डिंकही सैल होतो. फेविकॉल एसआर किंवा तसलंच कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकट लागेनासं झालं की मगच दाबायचं. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

---

प्रतिसाद

फरबद्दल मी बोलतो, सॉफ्ट टॉयचंच काम करतो.

ताई, लांब केसांचं घेतलंत तरी चालेल, ट्रिमरने कापता येतं. दाढीचा ट्रिमर, ९ मिमीच्या कंगव्यापासून सुरू करा आणि हळूहळू खाली या. एकदम खाली गेलात तर मागचं विणलेलं कापड दिसायला लागतं आणि ते परत झाकता येत नाही. कानाच्या मागच्या बाजूला ६-७ मिमी पुरे. आतल्या बाजूला मात्र लांब केस ठेवा, खऱ्या कानातही आतल्या कडेला लांब फिकट केस असतात, तिथेच जिवंतपणा येतो. हे काम बाल्कनीत आणि मास्क लावून करा, त्या केसांचा बारीक भुगा नाकात जातो.

फर कापताना कात्री अजिबात वापरू नका. कापड पालथं घालायचं, मागे पेनने पॅटर्न काढायचा आणि ब्लेडने किंवा कटरने फक्त मागचं कापड कापायचं, केस नाही. मग दोन्ही बाजू हाताने अलगद वेगळ्या करायच्या. असं केलं तर शिवणीवर केस पूर्ण लांबीचे राहतात आणि जोड दिसत नाही. शिवून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर ओढा आणि कुत्र्यामांजरांना विंचरायचा तारेचा ब्रश असतो त्याने विंचरा.

अजून एक, केसांचा कल बघा. हात फिरवल्यावर ज्या दिशेला केस गुळगुळीत बसतात ती दिशा कानाच्या बुडाकडून टोकाकडे हवी, दोन्ही कानांना सारखीच. उलटी लागली तर लाइटमध्ये एक कान गडद आणि एक फिकट दिसतो.

---

प्रतिसाद

भुलेश्वरला एकाने मला ‘असली फर है’ म्हणून तुकडा दाखवला होता. कुणी असं म्हटलं तर हात पण लावू नका. खोकड असो नाहीतर कोल्हा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली कातडी बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. ओळखायला सोपं, केस बाजूला करून मुळाशी बघा, नकली असेल तर विणलेलं कापड दिसतं आणि खरी असेल तर चामडं.

---

मूळ धागाकर्ती

वा, डावाची आयडिया भारी आहे, आजच करून बघते. खरी फर कुणी फुकट दिली तरी नको, ज्या प्राण्यासाठी हे करतेय त्याच्याच जातभाईंचं कातडं डोक्यावर घेऊन कसं फिरणार.

रंगाचं आणि चष्म्याचं कुणीतरी सांगा ना.

---

प्रतिसाद

कपड्याची पुडी विसर. ती सुतीला लागते, फर असते अ‍ॅक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टरची, त्यावर रंग चढतच नाही. पॉलिएस्टरचा वेगळा रंग मिळतो पण तो उकळत्या पाण्यात लावावा लागतो आणि त्यात फरचे केस आक्रसून गुंता होतो.

साधा अ‍ॅक्रिलिक पेंट घे, त्यात फॅब्रिक मीडियम (पेंट कापडावर कडक होऊ नये म्हणून घालायचं द्रावण) टाक आणि भरपूर पाणी, दुधाइतकं पातळ. जुन्या टूथब्रशने केसांच्या टोकांवर लाव, मुळापर्यंत नको, आणि ओलं असतानाच विंचरत राहा, नाहीतर वाळून चिपाडं होतात. खोकडाचा राखट रंग एका रंगाने येत नाही. आधी फिकट पिवळट-तपकिरी, वाळलं की त्यावर करड्याचे तुरळक फटके, आणि शेवटी काळी किनार. किनारीला पेंटपेक्षा परमनंट मार्कर बरा, कडेकडेने केसांच्या दिशेने ओढायचा, आतल्या बाजूला पुसट करत न्यायचा. किनार एकसारखी जाड काढलीस तर कार्टून दिसेल, टोकाकडे जाड आणि खाली येताना विरत गेलेली बरी वाटते. शेपटीच्या काळ्या टोकाला मात्र काळी फरच जोड, एवढं रंगवत बसू नको.

---

प्रतिसाद

विगवर लावायचं असेल तर टिकटॉक क्लिप, केसांना लावायच्या त्याच. एका कानाला दोन, एक बुडाच्या पुढच्या कडेला आणि एक मागच्या. एकच लावलीस तर कान पुढे नाहीतर मागे झोपतो. फरचा तुकडा कापतानाच बुडाशी एक-दीड सेंटिमीटर जास्त ठेव, तो आत दुमडून त्यालाच क्लिपा दोऱ्याने घट्ट शिव, चिकटवू नको. विगमध्ये केसांच्या पट्ट्यांच्या आडव्या शिवणी असतात, क्लिप तिथे अडकव, जाळीत नाही, जाळी फाटते. आणि विग खालच्या केसांना पिनांनी नीट बांध, नाहीतर कानांसकट विगच सरकेल.

जागा म्हणशील तर घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे असतात तसे. अगदी वर लावले की सशासारखे दिसतात. वाटीचं तोंड पुढे आणि थोडं बाहेर.

एक गोष्ट कुणी सांगितली नाही, तुझे स्वतःचे कान! ते दिसले की चार कान होतात आणि फोटोत सगळ्यात आधी तेच डोळ्यात येतं. विग घेतानाच गालावर येणाऱ्या लांब बटा असलेला घे. चष्म्याच्या काड्याही त्यात झाकल्या जातील. आणि चष्मा विग घालायच्या आधी नाही, नंतर घाल, काडी विगच्या वरून जाऊ दे, मग कानामागे दाब येत नाही.

---

प्रतिसाद

हलणारे कान का नाही करत? जपानच्या न्यूरोवेअर कंपनीने २०१२ मध्ये मेंदूच्या लहरींवर हलणारे मांजराचे कान विकायला काढले होते, नेकोमिमी. तेवढं नको, पण ९ ग्रॅमची छोटी सर्व्हो मोटर मिळते, एका कानाला एक, बटण मुठीत. फोमचा कान ती सहज हलवते.

---

मूळ धागाकर्ती

बघायला फार आवडेल, पण लोकलची गर्दी, बॅटरी, वायर हे सगळं पहिल्याच वेळी नको वाटतंय. यंदा रंग आणि आकार नीट जमवते. कानाच्या बुडाचं कापड दुमडून त्याला क्लिपा शिवायचं पक्कं केलं, लोकलमध्ये कान डब्यात ठेवून तिथे गेल्यावर लावेन.

शेवटचं विचारते, उद्या रविवार पेठेत जातेय. क्रीम फर किती घेऊ, कान आणि शेपटी दोन्हीसाठी एकाच ताग्यातलं हवंय म्हणजे रंग जुळेल.

---

प्रतिसाद

सॉफ्ट टॉयवाला परत. पन्हा साधारण ५८-६० इंच असतो, त्यामुळे कानांना पाव मीटरसुद्धा पुष्कळ झालं. शेपटीसाठी लांबी पन्ह्याच्या दिशेने घेऊ नका, केसांचा कल ताग्याच्या लांबीत जातो आणि शेपटीवर तो बुडाकडून टोकाकडे यायला हवा. म्हणून शेपटीची जेवढी लांबी तेवढं, वर दहा सेंटिमीटर मार्जिन, एवढं कापड सलग घ्या, कान त्याच्याच बाजूच्या पट्टीत निघतील. काळी पाव मीटर वेगळी, तिचे केस क्रीमइतकेच लांब आहेत ना ते दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुकान शक्यतो सकाळी गाठा, दिवसाच्या उजेडात रंग कळतो.