वाण बंद करून चिठ्ठ्यांची गिफ्ट पार्टी? मला नाही पटलं

रानमोगरा:
अबोलीची कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. त्यांच्या अकरा मैत्रिणींनी यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू बंद केलं, त्याऐवजी चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव येईल तिच्यासाठी पाचशेच्या आत एक गिफ्ट आणायचं आणि एकीच्या घरी जमून सगळ्यांनी उघडायचं. वर म्हणते वाण म्हणजे नुसता प्लॅस्टिकच्या डब्यांचा पसारा. अगं पार्टी करा ना, कोण नको म्हणतंय, पण वाणाच्या जागी कशाला? वाण लुटतात, त्याची अदलाबदल नसते. दारात येईल तिला द्यायचं, ती आपल्याला देते की नाही हे कोण बघतं? सोलापूरला आमच्या चाळीत आई वरच्या मजल्यावरच्या बाईंपासून भांडी घासायला येणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना सारखंच द्यायची. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, आणि त्या वर्षी जे काय ठरलं असेल ते. एका वर्षी चहाच्या स्टीलच्या गाळण्या लुटल्या होत्या, मावशींच्या घरी ती गाळणी अजून आहे, दांडा तुटलाय तर त्याला तार गुंडाळलीये. तुमच्या अकरा चिठ्ठ्यांत शेजारणीची चिठ्ठी कुठाय?

अबोली:
पोस्ट नीट वाचली असतीस तर कळलं असतं की आम्ही सगळ्या नोकरीवाल्या आहोत. यंदा, २०२६ ला, संक्रांत १४ जानेवारीला बुधवारी आणि रथसप्तमी २५ ला, म्हणजे दोन वीकेंड आणि नऊ घरची बोलावणी. २०२४ ला रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती तेव्हा महिनाभर तरी मिळाला होता. मी धावत धावत नऊ घरी गेले, प्रत्येकीकडे पाच मिनिटं, चप्पल काढा, कुंकू लावा, डबी घ्या, चप्पल घाला. एकीशी धड बोलले नाही. आणि चिठ्ठीत माझं नाव जिला आलं तिने मला काय दिलं माहितीये? खणाची चष्म्याची केस, स्वतः शिवलेली, आत जुन्या मऊ साडीचं अस्तर. माझी केस तुटलीये आणि मी रबरबँड लावून वापरते हे तिने कधीतरी बघून ठेवलं होतं. तुझ्या चाळीस गाळण्यांत एक तरी कुणाकडे बघून घेतलेली होती का?

कोथरूडकर:
चिठ्ठ्यांचं कौतुक मला सांगू नका. आमच्या ऑफिसात डिसेंबरला हेच असतं. मी चार दुकानं फिरून ४९० चं पुस्तक आणलं, ज्याचं नाव आलं त्याला ट्रेकिंगची आवड म्हणून, आणि मला मिळाली मागच्या वर्षीची डायरी, पहिलं पान फाडलेली. कुणी दिली तेही कळत नाही, म्हणून तर लोक असं करतात. वाणात निदान देणारी समोर उभी असते.
आणि करणारच असाल तर त्या चिठ्ठ्या तरी बंद करा. अकरा जणांत कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के, म्हणजे बहुतेक वेळा परत उचला. त्यापेक्षा नावं पिसून एका गोलात लावा, प्रत्येकाने पुढच्याला द्यायचं.

नाशिकची सून:
ब्लाउज पीसबद्दल कुणीच कसं बोलत नाही? मी दिलेला मोरपंखी पीस चार वर्षांनी माझ्याच ओटीत आला, कोपऱ्यात माझ्याच पेनाचा डाग. सत्तर सेंटिमीटर असतो, त्यात कुणाचा ब्लाउज होतो सांगा. राग आला होता मला खरंच.

शेवंता:
रानमोगरा, "दारात येईल तिला" लिहिलंस म्हणून विचारते. जी येऊच शकत नाही तिचं काय? माझे वडील २०१९ ला गेले. पुढच्या संक्रांतीला बिल्डिंगमधल्या बायका मला बोलवायला आल्या, आई आत त्यांच्यासाठीच तिळाच्या वड्या थापत होती. तिला कुणी बोलावलं नाही, वड्या मात्र मागून नेल्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. एका गावाला जमतं, आपल्या सोसायट्यांना नाही. चिठ्ठीत निदान नवरा जिवंत आहे का असं कुणी विचारत नाही.

रानमोगरा:
विषय गिफ्टचा होता. दरवेळी सगळं तिथेच का न्यायचं? माझ्या आईने कधी कुणाचा अपमान केलेला नाही आणि तुम्ही तिला ओळखत पण नाही.

शेवंता:
तुझ्या आईला मी काही म्हटलेलंच नाही. माझ्या आईबद्दल सांगितलं, ते तुला झोंबलं. झोंबू दे.

अबोली:
+१. माझ्या पोस्टमध्ये मी हे लिहिलं नव्हतं, पण आमच्या अकरा जणींत एक अशीच आहे आणि चार वर्षांनी ती पहिल्यांदा आमच्यात बसली. खरं कारण तेच होतं, तिचं नाव काढून लिहिणं बरं वाटेना म्हणून वेळेचं कारण पुढे केलं.

नाशिकची सून:
मग तेवढं बदला ना. माझ्या सासूबाईंनी सासरे गेल्यावरही वाण लुटलं, फक्त हळदीकुंकू न म्हणता तिळगूळ म्हटलं. दोन जावा आल्या नाहीत, बाकी सगळ्या आल्या.

रानमोगरा:
काल रात्री आईला फोन केला. मावशींचे यजमान गाळण्यांच्या आधीच्या वर्षीच गेले होते. त्यांना गाळणी सकाळीच मोरीपाशी दिली होती, दुपारी बायका यायच्या आधी. मी सात वर्षांची होते, मला फक्त गाळणी आठवते. आई म्हणाली, तेव्हा तसंच करायचे गं. मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही.
शेवंता, तुझं बरोबर आहे. मला आवडलेलं नाही, पण बरोबर आहे. चिठ्ठ्या मात्र मला अजूनही पटत नाहीत आणि मी टाकणार नाही. रविवारी रथसप्तमीला चार वाजल्यापासून माझ्याकडे तिळगूळ आहे, पूर्ण विंगला सांगितलंय, तळमजल्यावरच्या आजींना मी स्वतः जाऊन घेऊन येणार. करंडा टेबलावर ठेवीन, जिला लावायचंय ती लावेल. वाणाला गाळण्या आणल्यात.